निरोगी म्हणून दिलेलं रक्त

क्रॅब्ट्री म्हणाले, नकाराच्या रांगेला माणसं कमी पडतायत,
ज्यांना यंदा खोकला झाला नाही अशी.
मी बाही वर केली.
इफियोमाने शीर शोधली. खिडकीबाहेर
शेफील्डचा चढ, ट्राम कण्हत वर येत होती,
डिसेंबर, चार वाजताच दिवे.
नळीवर नाव नसतं.
मी अठ्ठेचाळीस.

हे प्रथिन मीच केलेलं, जूनपासून.
डांग्या खोकल्याचा जंतू आख्खा नव्हे,
त्याच्या अंगावरच्या एका गळाची नक्कल,
ज्याच्या जोरावर तो श्वासनळीला लटकून राहतो.
आतड्यातल्या एका गरीब जंतूला
हा परका मजकूर पाठ करायला लावला.
परकायाप्रवेशच, फक्त राजा नाही, सिंहासन नाही,
फ्लास्कमध्ये ढवळणारं पिवळट पाणी
आणि त्याचा ओल्या पिठासारखा वास.

दोन महिने नुसत्या गाठी होत होत्या,
घाईत केलेल्या पिठल्यासारख्या.
मग सदतीस अंश सोडले, अठरावर आणलं,
रात्रभर, गारठ्यात, सावकाश.
तेव्हा कुठे त्याची घडी नीट बसली.
शेपटीला सहा हिस्टिडिन बांधलेले,
तेवढ्यावर ते निकेलला धरून राहतं,
बाकीचा सगळा गाळ धुऊन जातो.
जेलवर एकच निळी रेघ.
क्रॅब्ट्रींनी ती दिव्यापुढे धरली, ‘हं’ म्हणाले.
यॉर्कशरात याला कौतुक म्हणतात.

शुक्रवारी शहाण्णव खळगे भरले.
डावीकडे हॉस्पिटलातून आलेले, खोकणारे.
उजवीकडे आम्ही:
बर्फाचं मशीन सांभाळणारा डेस्मंड,
कँटीनमधली लिनेट, इफियोमा, मी.
आधी निळं चढतं,
आम्लाचा थेंब पडला की निळ्याचं पिवळं.
डावीकडे हळद सांडल्यासारखं झालं.
उजवीकडे पाणी,
पाणी,
पाणी,
हळद.

पिपेट चुकली असेल म्हणून सोमवारी पुन्हा.
तीच हळद, त्याच जागी.
लस? बालवाडीच्याही आधीची.
इतक्या जुन्या लशीला असा रंग येत नाही.

मग ऑक्टोबर आठवायला लागला, तुकड्यातुकड्यांनी.
उशी तोंडावर दाबून काढलेल्या रात्री.
सिंकपाशी वाकून, उलटी होईपर्यंत.
आईला फोनवर म्हटलेलं, काही नाही गं, हवा बदलली.
खोकला लपत नाही म्हणतात.
मी तो इफियोमाच्या प्रश्नावलीपासून लपवला,
आणि खोटं बोलतेय हे
माझं मलाही कळलं नव्हतं.
रक्ताला कळलं होतं.

आणि खालच्या मजल्यावरची हिबो.
तिचा सुबेर तेव्हा सात आठवड्यांचा.
जिन्यात एकदा मी त्याला धरलं होतं,
ती पिशवीत किल्ली शोधत होती,
तेवढाच वेळ.
पावडरचा वास, टोपीतून निसटलेलं जावळ,
मी खाली वाकून त्याच्याशी मराठीत बोलले.
नोव्हेंबरात अँब्युलन्सचा निळा दिवा
माझ्या छतावर फिरत राहिला.
नऊ दिवसांनी आणलं घरी.
आता बरा आहे, लाळ गाळतो, हसतो.

खळगा एवढंच सांगतो: हा येऊन गेला.
कुणाकडून आला आणि इथून कुणाकडे गेला,
ते विचारायची सोय
मी त्यात केलेलीच नाही.
आधी मी की आधी तो,
की ट्रामच्या दांड्याला लटकलेलं तिसरंच कुणी.

वहीत लिहिलं:
अठ्ठेचाळीस, नकाराच्या रांगेतून काढावा.
कारणाच्या रकान्यात पेन टेकवून बसले,
तिथे शाईचा ठिपका पसरला.

घरी आले तेव्हा हिबोच्या दारामागे
सुबेर रडत होता,
सणसणीत, छाती भरून, मध्ये कुठेही न अडकता.
माझी किल्ली माझ्या हातातच होती.
मी जिन्यात उभी राहिले,
तो गप्प होईपर्यंत,
आणि मग त्यानंतरही.